उन्हाळ्याच्या तोंडावर परसबाग

होळी झाली की कोल्हापुरात ऊन चढू लागते आणि थंडीत टवटवीत असलेली परसबाग पंधरा दिवसांत मलूल दिसू लागते. या सुमारास बहुतेकांना नवे बी टाकण्याची घाई असते. माझ्या मते मात्र पहिले काम माती झाकण्याचे आहे.

त्यासाठी आपल्याकडे उसाच्या पाल्यासारखे दुसरे साधन नाही. ऊसतोडीनंतर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वैरणीला जातात, पण वाळलेला पाला पुष्कळदा शिवारातच पेटवला जातो. ओळखीच्या शेतकऱ्याकडे शब्द टाकला तर दोन पोती सहज मिळतात. वाफ्यातील भेगा आधी खुरप्याने बुजवाव्यात, कारण काळ्या मातीत पाणी भेगांवाटे मुळांना चुकवून थेट खाली जाते. मग भरपूर पाणी देऊन वीतभर तुकडे केलेला पाला दोन-तीन इंच जाडीने पसरावा आणि बुंधा कुजू नये म्हणून खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. (पाल्याच्या कडा बोटे चिरतात, हातमोजे घालावेत.) कच्चा पाला मातीत मिसळू नये, कारण तो कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात.

माती झाकल्यावर रोज वरवर शिंपडण्याची गरज उरत नाही. पाला बाजूला सारून मातीत बोट खुपसावे. दोन पेरांपर्यंत कोरडे लागले तरच सकाळी लवकर, मुळांपर्यंत मुरेल असे पाणी द्यावे. कुंड्यांना मात्र रोज पाणी लागते.

मेथी आता फुलावर येते, ती काढून टाकावी. कोथिंबिरीची चार झाडे धन्यासाठी राखावीत. पारा 35 अंशांपुढे गेला की टोमॅटोची फुले गळतात, त्यावर खत घालून उपयोग नसतो. दुपारच्या उन्हाच्या बाजूने शेडनेट बांधावे.

मोकळ्या झालेल्या जागेत गवार, भेंडी, काकडी, दोडका लावावा. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे आणि दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. दोडका नुसताच फुलतो, धरत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे सकाळी हाताने परागीकरण करणाऱ्याचे श्रम वाया जातात. दिवेलागणीला नर फूल खुडून पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि देठाशी बारीक दोडका असलेल्या मादी फुलाच्या मध्यभागी ते हलकेच टेकवावे.

वेलांचा मांडव एप्रिल लागण्यापूर्वीच पक्का करावा. मी एकदा तो सुतळीवर भागवला आणि वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात फुलांनी लगडलेला वेल मांडवासकट आडवा झाला. तेव्हापासून खांब दीड फूट खोल पुरतो आणि चारही कोपरे तारेने आवळतो.