आधी नाक, मग रंधा: खुराड्याचं लाकूड कसं निवडायचं

फैजपूरला माझं सुतारकामाचं दुकान आहे. खुराडं करून घ्यायला येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "भाऊ, स्वस्तात कोणतं लाकूड बसेल?" मी उलट विचारतो, तुम्ही आणलेलं लाकूड याआधी कुठे होतं? कोंबडी दिवसभर चोच मारत असते. फळीवरचा रंगाचा पापुद्रा, दांडीखालची माती, सांध्यातला भुसा, सगळं तिच्या पोटात जातं, आणि त्यातलं काही अंड्यात उतरतं. माझे वडील जुन्या लाकडाचा आधी वास घ्यायचे. "आधी नाक लाव, मंग रंधा लाव," म्हणायचे.

एकदा मी ते विसरलो. भुसावळकडच्या एका भंगारवाल्याकडे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर, रुळांखाली घालतात ते ठोकळे, मिळाले. जड, टणक, वाळवीचं नाव नाही. एका ताईंच्या खुराड्याचा पाया मी त्यांच्यावरच उभा केला. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला आणि स्लीपरला घाम फुटला. काळं, डांबराच्या वासाचं तेल पाझरायला लागलं. ते क्रिओसोट. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात आणि लाकूड कुजू नये म्हणून आत मुरवतात. कातडीला लागलं तर पोळतं, आणि कॅन्सरचा धोका वेगळाच. आठवड्यात कोंबड्यांच्या तळव्यांना फोड आले. मी पदरचे पैसे घालून सगळं उपसलं, खालची वीतभर मातीही बदलली. तेव्हापासून स्लीपर आणि विजेचे जुने लाकडी खांब दुकानात घेत नाही.

दुसरं घातक लाकूड वासावरून कळत नाही. हिरवट झाक असलेलं, कूलिंग टॉवर किंवा बाहेरच्या बांधकामातून निघालेलं पाइन दिसलं की हात आखडता घ्या. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असू शकतं. अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी असं लाकूड बनवणं २००३ अखेर थांबलं, पण तेव्हाचं लाकूड अजून टिकून आहे. जुनं झालं की हिरवटपणा विटतो, म्हणून कुठून आलं ते सांगता येत नसेल तर घेऊच नका. चुलीतही घालू नका, कारण आर्सेनिक राखेत आणि धुरात उतरतं.

जळगावच्या एमआयडीसीतून पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, आणणारे पुष्कळ आहेत. परदेशी मालाबरोबरच्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाच्या चित्राचा शिक्का असतो. त्यात एचटी ही इंग्रजी अक्षरं असतील तर ते लाकूड नुसतं तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान अर्धा तास. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते सोडा. शिक्काच नसेल तर डाग बघा, वास घ्या. ज्या पॅलेटवर औषधाचे किंवा रसायनाचे डबे वाहिले, त्याचा शिक्का कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

जुन्या वाड्याची दारं स्वस्त पडतात आणि साग उत्तम असतो, पण त्यांवर रंगाचे थरावर थर असतात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्यामुळे जुन्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. घासून काढायलाही जाऊ नका, ती धूळ तुमच्याच छातीत जाते.

मग घ्यायचं काय? बांधावरची बाभूळ आणि निंब. बाभळीचा तांबूस गाभा वर्षानुवर्षं टिकतो. बाहेरचा पांढरा भाग मात्र भुंगा पोखरतो, तो तासून टाका. ताजी तोडलेली ओली बाभूळ वाळताना फाटते. आमच्याकडे पूर्वी बैलगाडीचं लाकूड विहिरीत किंवा डोहात महिनोन् महिने बुडवून ठेवायचे, ते उगाच नव्हतं. बांबूही दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात ठेवला की त्यातलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंगा कमी लागतो.

पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कूड स्वस्त आणि हवेशीर खरा, पण कपाशीवर किती फवारण्या होतात ते आपल्याला माहीत आहे. मी तो करत नाही.

वाळवीसाठी गाडीचं जळकं ऑइल फासायची सवय मला फार खुपते. त्यात जड धातू असतात. त्याऐवजी कच्चं जवसाचं तेल द्या. बाजारात मिळणाऱ्या "बॉइल्ड" जवस तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते नको. आतून चुना मारा, सांध्यातल्या लाल गोचिडांना तो आवडत नाही. खांब काळ्या मातीत गाडू नका, पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि बूड कुजतं. दगडावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर उभे करा, म्हणजे वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसते आणि खरडून काढता येते. आवाराला अर्धा इंची वेल्ड जाळी लावा आणि फूटभर जमिनीत गाडा, मुंगूस खालून उकरतं.

बसायची दांडी दोन इंच रुंद, कडा गोल केलेली. लाकडाची बारीक कूस राहून टोचली तर तळव्याला गाठ येते, म्हणून मी दांडी हातानं चाचपून मगच बसवतो. अंथरायला भुसा वखारीतून आणाल तेव्हा तो साध्या लाकडाचा आणि जाडसर आहे ना, ते उभं राहून बघा. फर्निचरवाल्याकडच्या भुशात प्लाय आणि एमडीएफचं (भुसा चिकटवून दाबलेल्या फळीचं) पीठ मिसळलेलं असतं, त्यात डिंक असतो. तो फुकट मिळाला तरी आणू नका.