उतारा वाचताना ‘कशावरून?’ : वर्गात वाचन-आकलन कसे शिकवावे

‘सांजेला टिपऱ्या लुंबाडीत शिरला, कारण त्याचे फडुक भिरटले होते.’ हे वाक्य फळ्यावर लिहून पाचवीच्या वर्गाला दोन प्रश्न विचारावेत : टिपऱ्या कोठे शिरला? तो तेथे का शिरला? ‘लुंबाडीत’ आणि ‘त्याचे फडुक भिरटले होते म्हणून’ ही दोन्ही उत्तरे मुले बिनचूक देतील, आणि लुंबाडी म्हणजे काय हे एकालाही सांगता येणार नाही, कारण असा शब्दच नाही. आपल्याकडे उताऱ्याखाली येणारे बरेचसे प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या मागचापुढचा मजकूर उतरवून काढायचा, एवढे कौशल्य मुले लवकर आत्मसात करतात. गाइडमधून तर ते आयतेच मिळते.

हा दोष केवळ आपल्या शाळांचा नाही. अमेरिकेतील चौथीच्या वर्गांचे निरीक्षण करून डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, शिक्षक आकलनाचे प्रश्न भरपूर विचारत होते, परंतु आकलन कसे करायचे हे शिकवण्यात वाचनाच्या वेळातील एक टक्काही वेळ जात नव्हता. म्हणून उतारा संपल्यावर प्रश्न विचारण्याऐवजी उतारा चालू असताना जेथे अर्थ जुळवावा लागतो तेथे थांबणे, हा पुढील मांडणीचा गाभा आहे. ती नागपुरातील चौथी ते सातवीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आरंभी मूल नेमके कोठे अडते ते पाहावे. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचन-आकलन हा अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार असतो. त्यांतील एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. याची तपासणी सोपी आहे. मुलाला न समजलेला उतारा शिक्षकाने स्वतः वाचून दाखवावा. ऐकून समजला, तर अडचण जोडाक्षरांत आणि वाचनाच्या गतीत आहे, आणि त्या मुलाला आकलनाच्या युक्त्यांपेक्षा रोजच्या वाचनसरावाची गरज आहे. ऐकूनही समजला नाही, तर शब्दसंपत्ती किंवा विषयाची माहिती कमी पडते आहे.

माहिती कमी पडणे म्हणजे काय, हे नागपूरच्या वर्गात समुद्रावरचा उतारा घेतला की लगेच कळते. ‘ओहोटी लागताच बायका पाट्या घेऊन किनाऱ्याकडे निघाल्या’ हे वाक्य कोकणातील मुलाला सरळ वाटते. पाणी मागे हटले की खडकांत शिंपले वेचता येतात, हे त्याने पाहिलेले असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर वाढलेले, फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव पाहिलेले मूल मात्र प्रत्येक अक्षर नीट वाचूनही तेथे थबकते. रेश्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात बेसबॉलवरचा मजकूर दिला असता, वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली होती. तेव्हा असा धडा सुरू करण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एखादे चित्र दाखवून नेमकी तेवढीच माहिती द्यावी. धड्याचा सारांश मात्र आधी सांगू नये. तो सांगितला की वाचायला काही उरत नाही.

पद्धत शिकवताना पहिले उतारे ओळखीच्या विषयावरचे घ्यावेत आणि ते शिक्षकाने स्वतः लिहिले तर उत्तम. एक नमुना पाहू :

‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आजोबांनी दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढून घेतले. रस्त्यावर गर्दी दाटू लागली होती. चिनूने त्यांचा हात घट्ट धरला. “ती वळणावर आली की वर बघ,” ते म्हणाले, “आणि कान झाकून घे.”’

पहिल्या वाक्यानंतर शिक्षकाने थांबून आपला विचार मोठ्याने बोलावा : ‘सकाळची वेळ, म्हणजे दुकान उघडायला हवे. हे तर अर्धे बंद करत आहेत. असे का बरे? पुढे पाहू.’ दुसऱ्या वाक्यानंतर हा अंदाज मुलांकडून पक्का करून घ्यावा. तिसऱ्या वाक्यात ‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सर्वनाम कोणासाठी आले आहे हे न कळणे, हे गोंधळाचे फार मोठे कारण असते आणि आपण ते गृहीत धरून पुढे जातो. शेवटी ‘ती’ कोण, हे विचारावे. मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने नेला जाणारा उंच पुतळा) हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही, तरी शहराच्या इतवारी-महाल भागाकडची मुले क्षणात उत्तर देतात. खरे शिकवणे तेथून पुढे सुरू होते. ‘कशावरून?’ असे विचारले की मुलांना पोळ्याचा दुसरा दिवस, गर्दी, वर बघायला सांगणे आणि कान झाकणे हे धागे एकेक करून दाखवावे लागतात, आणि काही आपल्या अनुभवातून आणावे लागते. बरोबर उत्तरालाही ‘कशावरून?’ विचारावे, ते केवळ चुकलेल्यालाच विचारले, तर मुले त्याचा अर्थ ‘चूक आहे’ असाच घेतात.

‘कान का झाकायचे?’ यावर ‘ढोल लय जोरात वाजते न, म्हणून’ असे उत्तर आले, तर ते पूर्ण गुण देण्याजोगे उत्तर आहे. त्याच क्षणी ‘वाजतात म्हण’ असे सुधारू नये. घरी वऱ्हाडी, हिंदी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला आधी आपल्या बोलीत अर्थ सांगू द्यावा. प्रमाण भाषेत लिहिण्याचे काम दुसरे आहे आणि ते नंतर करता येते.

ही सवय थोडी रुळली की काम मुलांच्या हाती सोपवावे. पॅलिंक्सार आणि ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मुले गटात आळीपाळीने शिक्षकाची भूमिका घेऊन प्रश्न विचारतात, अडलेले स्पष्ट करतात, सारांश सांगतात आणि पुढचा अंदाज बांधतात. पन्नास मुलांच्या वर्गात पुढच्या बाकावरील दोघांनी मागे वळले की चौघांचा गट तयार होतो. गोंगाट होतो, तो होऊ द्यावा. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी बोट ठेवून आपली पाळी येण्याची वाट पाहायची, हा प्रकार उच्चार तपासण्यापुरता ठीक असला तरी आकलनाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

‘तरी’, ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘उलट’ या जोडशब्दांकडेही लक्ष द्यावे. ‘पाऊस पडला तरी…’ एवढेच लिहून वाक्य पूर्ण करायला सांगितले, की ‘तरी’ आणि ‘म्हणून’ यांची गल्लत कोण करतो ते लगेच दिसते. हे काम मराठीच्या तासापुरते ठेवू नये. ‘४४ पैकी १८ मुले सायकलने येतात, उरलेल्यांपैकी निम्मी पायी येतात’ या गणितात अनेकांची चूक आकडेमोडीत नसून ‘उरलेल्यांपैकी’ या शब्दात असते. त्यांना पाढे पुन्हा म्हणायला लावण्याऐवजी आधी ‘उरलेली म्हणजे किती?’ एवढेच विचारावे.

मूल्यमापनासाठी अपठित उतारा देऊन पुस्तक मिटवायला सांगावे आणि काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगू द्यावे. सांगताना मुलाने काय गाळले याची नोंद ठेवावी. प्रसंग सांगून कारण गाळणारे मूल आणि नावे सांगून क्रम उलटा करणारे मूल यांचा पुढच्या आठवड्याचा सराव वेगवेगळा असायला हवा.