विमान कुणाचं, तिकीट कुणाचं: नव्याने परदेशी आलेल्यांसाठी

नवीन आलेली मुलं-मुली भेटली की राहायची जागा, बँक खातं आणि फोन यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो: "ताई, कुठली एअरलाइन चांगली?" आजूबाजूची जुनी मंडळी लगेच सरसावतात. एकाला अमक्या कंपनीच्या खुर्च्या ऐसपैस वाटतात, दुसरीला तमकीची बॅगांची मर्यादा आवडते, तिसऱ्याचं एकदा कधीतरी विमान चुकलं म्हणून तो त्या कंपनीचं नाव काढू देत नाही. मला देश सोडून १९ वर्षं झाली, त्यातली बहुतेक युरोपात गेली. कंपनी चांगली की वाईट हे मी आता विचारतच नाही. दोनच गोष्टी बघते: ही कंपनी चालते कशी, आणि प्रवास मध्येच मोडला तर मला शेवटच्या विमानतळावर पोचवणं कुणाच्या अंगावर आहे.

यातली दुसरी गोष्ट मला फार महागात पडून कळली, म्हणून आधी तीच सांगते.

माझं दुसरं वर्ष होतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन जाता-येताची तिकिटं घेतली, कारण सलग तिकिटापेक्षा ती स्वस्त पडत होती. मध्ये साडेतीन तास होते, भरपूर वाटले. पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं. मधल्या विमानतळावर उतरून धावतच ट्रान्सफर काउंटर गाठलं. तिथल्या बाईंनी माझे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवरच्या सहा अक्षरी पीएनआरवर, म्हणजे बुकिंग क्रमांकावर, एकेक बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "तुमची बॅग कुठे आहे?" पहिल्या कंपनीने बॅग फक्त त्या विमानतळापर्यंतच लावली होती. ती पट्ट्यावर येऊन फिरत होती. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे होता आणि त्या देशाचा व्हिसा माझ्याकडे नव्हता.

दुसरं विमान माझ्याविना गेलं. पहिल्या कंपनीच्या लेखी त्यांनी मला ठरल्या ठिकाणी पोचवलं होतं. दुसरीच्या लेखी मी वेळेवर न आलेली प्रवासी होते. दोघींचंही म्हणणं नियमाला धरून होतं. अठरा तास तिथल्या बाकावर काढले, नवीन तिकिटात दोन महिन्यांची बचत गेली, बॅग बारा दिवसांनी मिळाली. त्यानंतर कळलं की मी आलेच नाही म्हणून त्या तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द झाला आहे. बहुतेक कंपन्यांचा नियम असाच असतो: पहिला टप्पा उडाला नाहीत, तर पुढचे सगळे टप्पे गेले.

म्हणून सांगते, एक प्रवास, एक तिकीट. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं. दोन तिकिटांवर ते तुमचं असतं. आणि नुसत्या बुकिंग क्रमांकावर विसंबू नका. काही वेबसाइट दोन स्वतंत्र तिकिटं स्वतःच्या एकाच क्रमांकाखाली विकतात. खरी खूण आहे ती तेरा आकडी ई-तिकीट क्रमांकाची. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात: १७६ म्हणजे एमिरेट्स, १५७ कतार एअरवेज, २२० लुफ्तान्सा, २३५ टर्किश, ०९८ एअर इंडिया. सगळे टप्पे एकाच क्रमांकाखाली दिसले पाहिजेत. हा क्रमांक पैसे भरल्यावरच मिळतो, म्हणून सगळे टप्पे एकाच तिकिटावर आहेत का ते पैसे भरण्याआधीच विचारा, आणि नंतर दोन वेगळे क्रमांक दिसले तर लगेच चौकशी करा. चेक-इनच्या वेळी बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं आहेत ना, हेही स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

आता कंपन्या चालतात कशा ते बघू. बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा: मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे. मोठ्या कंपन्यांचा कारभार तसा असतो: तुंबा म्हणजे त्यांचा मुख्य विमानतळ, आरे म्हणजे तिथून निघणारे मार्ग. एमिरेट्स १९८५ साली पाकिस्तान इंटरनॅशनलकडून भाड्याने घेतलेल्या विमानांवर सुरू झाली, आणि आज तिच्या ताफ्यात एकही छोटं, एका मार्गिकेचं विमान नाही. कारण तिचा धंदा दुबईत राहणाऱ्यांवर नव्हे, दुबईतून पुढे जाणाऱ्यांवर उभा आहे. दोहाची कतार एअरवेज, सिंगापूर एअरलाइन्स, ॲमस्टरडॅमची केएलएम या सगळ्या छोट्या देशांतल्या कंपन्या. सिंगापूरला तर देशांतर्गत मार्गच नाहीत. अशा कंपन्यांची विमानं तुंब्यावर लाटेसारखी एकदम येतात आणि दोन-तीन तासांत एकदम निघतात. त्यामुळे जोडणी सोयीची मिळते. पण एक लाट हुकली की पुढची कित्येक तासांनी, कधीकधी दुसऱ्या दिवशीच.

म्हणून दीड तासाच्या जोडणीला भुलू नका. कंपनीने ती विकली म्हणजे त्या विमानतळावर विमान बदलायला ठरवलेल्या किमान वेळेत ती कागदावर बसते, एवढंच. म्हातारं माणूस, लहान मूल किंवा पहिलाच प्रवास असेल तर मी तीन तासांखाली जात नाही.

स्वस्त कंपन्यांचं गणित अगदी उलट आहे. अमेरिकेत साउथवेस्टने १९७१ पासून हा धडा घालून दिला: शक्यतो एकाच जातीचं विमान आणि दोन गावांमधली सरळ ये-जा. युरोपात रायनएअरने तो धडा टोकाला नेला. विमान उतरल्यावर २५ मिनिटांत पुन्हा निघायचं. अशा कंपनीत जोडणी हा प्रकारच सहसा नसतो. रायनएअरची दोन तिकिटं पाठोपाठ घेतली तरी ते दोन स्वतंत्र प्रवास असतात. विमान शहराच्या नावाने विकलेल्या पण शहरापासून दूर असलेल्या विमानतळावरही उतरू शकतं. या कंपन्यांना नावं ठेवणारे आपले लोक मला पटत नाहीत. जे विकतात ते स्पष्ट लिहून विकतात. दोन दिवस कुठे फिरायला जायचं तर त्या उत्तम आहेत. घरी जाण्याच्या लांबच्या प्रवासाचा पहिला तुकडा म्हणून मात्र त्यांना कधीही जोडू नका. माझं ऐका.

कोडशेअरकडे आपले लोक सर्रास दुर्लक्ष करतात. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक, आणि खाली बारीक अक्षरात "ऑपरेटेड बाय" म्हणून दुसरीचं नाव. विमान, कर्मचारी, चेक-इनचं काउंटर सगळं त्या दुसरीचं. बॅगांचे नियमही कधी तिचेच लागतात. नावं वेगळी पण घर एक असंही असतं: स्विस, ऑस्ट्रियन, ब्रसेल्स आणि युरोविंग्ज या लुफ्तान्सा समूहातल्या. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस आणि व्युएलिंग २०११ साली उभ्या राहिलेल्या आयएजीमधल्या. एअर फ्रान्स आणि केएलएम २००४ पासून एकत्र आहेत.

घराबाहेरची मैत्री म्हणजे अलायन्स. स्टार अलायन्स १९९७ चं, वनवर्ल्ड १९९९ चं, स्कायटीम २००० चं. एअर इंडिया २०१४ पासून स्टारमध्ये आहे, कतार २०१३ पासून वनवर्ल्डमध्ये, एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही. एका अलायन्समधल्या कंपन्यांवर पॉइंट जमतात, आणि एका तिकिटावर असाल तर अडचणीत एक दुसरीच्या विमानात बसवते. पण अलायन्स एक आणि तिकिटं दोन असतील, तर त्या मैत्रीचा भरवसा धरू नका. एक प्रवास, एक तिकीट, हे इथेही लागू आहे. पॉइंटसाठी वाकडा मार्ग धरणाऱ्यांबद्दल मला बोलायचं नाही.

विमानतळ एकाच शहरात दोन-दोन असतात हे विसरू नका. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, पॅरिसला शार्ल द गॉल आणि ओर्ली, टोकियोला नारिता आणि हानेदा. इस्तंबूलचा नवा विमानतळ युरोपच्या बाजूला, सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. विमानतळ बदलायचा म्हणजे त्या देशात शिरायचं, म्हणजे व्हिसा. अमेरिकेत तर तोच विमानतळ असला तरी सुटका नाही: नुसतं पुढे जायचं असलं तरी इमिग्रेशन पार करावं लागतं, आणि सहसा बॅग पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्यावी लागते. युरोपात शेंगेन देशांमधली दोन विमानतळं मध्ये आली, समजा फ्रँकफर्ट आणि मग म्युनिक, की पहिल्यावरच तुम्ही आत शिरलात असं धरतात.

जुन्या माणसांचा सल्ला ताजा आहे का, हेही तपासा, माझासुद्धा. पूर्वी आम्ही हेलसिंकीमार्गे पूर्वेकडे जा म्हणून सांगायचो. फिनएअरने सगळा डाव सायबेरियावरून जाणाऱ्या जवळच्या वाटेवर मांडला होता. २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि टोकियोचा साधारण नऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. आकाश बंद होतं, कंपन्या विलीन होतात, काही बुडतात. एअर इंडिया १९५३ साली सरकारची झाली, जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात मिसळली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, एअर बर्लिन ऑक्टोबर २०१७ मध्ये. लोक हातात तिकिटं घेऊन उभे राहिले. तिकीट क्रेडिट कार्डानेच घ्या, बँकेकडून पैसे परत मागण्याची एक वाट तरी उरते.

इथल्या समाजाबद्दल माझं एक ठाम मत आहे. इथे आवाज चढवून काही मिळत नाही, लिहून मिळतं. आपले लोक काउंटरवर अर्धा तास वाद घालतात आणि घरी जाऊन एक अर्ज भरत नाहीत. युरोपीय संघाचा २००४ चा नियम २६१ नीट समजून घ्या. शेवटच्या विमानतळावर तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई मिळते. खराब हवामान त्यात धरत नाहीत, विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र कंपनीच्याच माथी. हा नियम संघातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागतो, पण बाहेरून संघात येताना फक्त संघातल्या कंपनीच्या विमानाला. म्हणजे ते बारीक अक्षरातलं "ऑपरेटेड बाय" इथे पैशांत मोजलं जातं. एकाच तिकिटावर असाल तर उशीर शेवटच्या ठिकाणी मोजतात. दोन तिकिटं असतील तर तसं नाही.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवा आणि पीआयआरचा, म्हणजे त्या लेखी तक्रारीचा, क्रमांक घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅग फुटली असेल तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा आली असेल तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांत. भरपाईची मर्यादा १,५१९ एसडीआर आहे. हे नाणेनिधीचं हिशेबी एकक, त्याचा दर रोज बदलतो. बॅग गेल्यावर तिच्यात काय होतं ते आठवत बसण्यापेक्षा, बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढा. दागिने, औषधं आणि मूळ कागद केबिनमध्ये. पॉवर बँकही केबिनमध्येच. आणि ओळखीच्या ओळखीतल्या कुणाची बंद पिशवी घेऊ नका, कितीही जवळचा असला तरी.

शेवटी आई-वडिलांना बोलावण्याबद्दल. त्यांच्यासाठी एकच थांबा, एकच कंपनी, एकच तिकीट. इंग्रजी येत नाही म्हणून सरसकट व्हीलचेअर मागण्याची आपल्यात पद्धत पडली आहे, ती मला आवडत नाही. ज्यांना खरंच चालवत नाही त्यांना तिच्यासाठी ताटकळावं लागतं. सोबतीची मदत वेगळी मागता येते का ते कंपनीला आधी विचारा. व्हीलचेअर लागणारच असेल तर किमान ४८ तास आधी कळवा आणि कोड नीट सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढवत नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. कोड चुकला आणि विमान टर्मिनलपासून लांब उभं असलं, तर ते माणूस जिन्याच्या पायथ्याशी अडकतं.

आई यायची तेव्हा मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवायचे. वरच्या बाजूला मराठीत, खाली इंग्रजीत: मधल्या विमानतळाचं नाव, पुढच्या फ्लाइटचा क्रमांक, सुटायची वेळ, माझा फोन. गेट क्रमांकाची जागा मात्र मोकळी ठेवायचे आणि कागदाला दोऱ्याने पेन्सिल बांधायचे. गेट आयत्या वेळी बदलतं, आणि मग खोडून नवीन लिहिता येतं.