प्रोबेशनवर सुटल्यानंतर बाँडच्या अटी कशा पाळाव्यात: बेळगाव सीमाभागातल्या लोकांसाठी

कोर्टाने प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या लेखी हमीवर (बाँडवर) सोडले की घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. खटला मात्र संपलेला नसतो. गुन्हा सिद्ध झालेला असतो, शिक्षा सुनावणे तेवढे पुढे ढकललेले असते. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८ च्या कलम ४ खालच्या बाँडमध्ये तुम्ही लिहून देता की मुदतीत कोर्टाने बोलावले तर हजर होऊन शिक्षा घेईन आणि तोवर शांतता राखून चांगला वागेन. ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची असते. सोबत प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश असेल तर देखरेख किमान १ वर्ष चालते.

१. आदेशाची प्रत घ्या आणि मराठीत समजून घ्या

देखरेखीचा आदेश दिला की त्यातल्या अटी आरोपीला समजावून सांगणे आणि प्रत देणे हे कोर्टाचे काम आहे. तुम्हाला, जामीनदाराला आणि प्रोबेशन अधिकाऱ्याला प्रत्येकी एक प्रत मिळते. आपल्याकडे कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतो, आणि खानापूर-निपाणीकडच्या कितीतरी घरांत तो कुणाला धड वाचता येत नाही. म्हणून त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातच, वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या आणि वहीत मराठीत उतरवा. बाँड कधी सुरू होतो व कधी संपतो, अधिकाऱ्याकडे कोणत्या दिवशी जायचे, कोणता पत्ता लिहिला आहे, दारूबंदीची अट आहे का, फिर्यादीला भरपाई द्यायची असेल तर किती आणि कधीपर्यंत, एवढे तरी वहीत हवेच. पुढे घरी येणारी नोटीसही कन्नडमध्येच असण्याची शक्यता आहे. ती ज्या दिवशी येईल त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. खुंटीला अडकवून ठेवलेल्या नोटिशीची तारीख चुकली की वॉरंट निघू शकते.

२. राहण्याची जागा बदलण्याआधी कोर्टाला विचारा

सीमाभागात सगळ्यात सहज मोडते ती हीच अट. घर बेळगाव तालुक्यात, काम शिनोळीच्या एमआयडीसीत. किंवा घर निपाणीत आणि नोकरी कागल नाहीतर गोकुळ शिरगावला. रोज जाऊन-येऊन काम करणे आणि तिकडे खोली घेऊन राहणे यात कायद्याच्या नजरेने मोठा फरक आहे. राहण्याच्या जागेची अट असेल तर दुसऱ्या प्रकारात ती मोडते. ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडे जाणे, हंगामापुरते गोव्यात हॉटेलात राहणे, हेही त्यातच आले. नुसत्या येण्या-जाण्याच्या कामाचीही माहिती अधिकाऱ्याला आधी द्या.

जावेच लागणार असेल तर मार्ग आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात. कलम ८ खाली प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट अटी बदलू शकते, मुदत कमी-जास्त करू शकते. मात्र एकूण मुदत मूळ आदेशापासून ३ वर्षांपुढे जात नाही. असा अर्ज करावा म्हणून वकिलामार्फत अधिकाऱ्याला लेखी विनंती द्या. त्यात नवा पत्ता, मालकाचे किंवा कारखान्याचे पत्र, घरमालकाचा जबाब आणि किती महिने राहणार ते लिहा. प्रोबेशन अधिकाऱ्याला आधी भेटून कल्पना द्या, कारण कोर्टात अर्ज त्यानेच करायचा असतो. आदेश हातात पडेपर्यंत हलू नका. अधिकाऱ्याने तोंडी ‘जा’ म्हटले म्हणजे अट बदलली असे होत नाही.

दारूबंदीची अट असेल तर ती गोव्यातही लागू आहे, चंदगडातही. वॉरंटही भारतात कुठेही बजावता येते, त्यामुळे हद्द ओलांडून काही सुटका होत नाही.

३. अधिकाऱ्याच्या भेटी चुकवू नका

प्रोबेशन अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे. देखरेख ठेवणे, काम मिळवायला मदत करणे, भरपाई भरताना सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य आहे. भेटीला जाताना कामाचा दाखला, भरपाई भरल्याच्या पावत्या न्या आणि भेटीची तारीख वहीत नोंदवा. आजारी असाल तर सिव्हिल हॉस्पिटलचा केसपेपर घरच्यांकरवी त्याच दिवशी पोचवा. आठवड्यानंतर दिलेले कारण कागदावर लंगडेच दिसते.

सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ निघणाऱ्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीबद्दल आपल्या भागात हमखास विचारणा होते. फेरीला गेलात एवढ्याने बाँड मोडत नाही. पण जमावबंदी असताना किंवा परवानगीशिवाय निघालेल्या फेरीत तुमचे नाव गुन्ह्यात आले तर ती माहिती कोर्टापुढे जाऊ शकते. नुसती नोंद म्हणजे दोष सिद्ध नव्हे; तरी आधी वकिलाला विचारलेले बरे.

४. जामीनदाराला अंधारात ठेवू नका

बाँड मोडल्याचे ठरले तर बाँडची रक्कम जप्त होऊ शकते आणि ती जामीनदाराकडून दंडासारखी वसूल होते. आपली आरटीसी (जमिनीचा उतारा) ज्याने तुमच्यासाठी दिली, तो बहुतेक मामा, चुलता किंवा शेजारीच असतो. प्रत्येक अर्ज, प्रत्येक नोटीस त्यालाही दाखवा.

५. अट मोडली तर काय होते

कलम ९ प्रमाणे, अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा इतर माहितीवरून अट मोडल्याचे वाटले तर कोर्ट थेट अटक वॉरंट काढू शकते किंवा तुम्हाला आणि जामीनदारांना समन्स पाठवू शकते. हजर झाल्यावर सुनावणीपर्यंत कोठडी किंवा जामीन. सुनावणीत भंग सिद्ध झाला तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा ताबडतोब देऊ शकते, आणि कैद असेल तर रस्ता हिंडलग्याच्या कारागृहाकडे जातो. पहिलीच चूक असेल तर बाँड चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडावर भागवण्याची मुभा कोर्टाला आहे. ही मुभा म्हणजे हक्क नव्हे. आणि ते ५० रुपये दिलेल्या मुदतीत भरले नाहीत तरीही मूळ शिक्षा होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी भरून पावती घ्या.

चूक झालीच असेल तर लपू नका. वकील गाठा, स्वतःहून हजर व्हा, कारणाचे कागद जोडा. शिक्षा झालीच तर अपिलाला सत्र न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी धारवाड खंडपीठात, ६० दिवस मिळतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा, नाहीतर १५१०० ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आरोपी आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो.

६. मुदत नीट पार पडली तर

वागणूक चांगली असेल तर अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट बाँड मुदतीआधीच रद्द करू शकते. अधिकाऱ्याकडे हे आपणहून विचारा. कलम १२ प्रमाणे, दोषी ठरल्यामुळे कायद्याने जी अपात्रता येते ती प्रोबेशनवर सुटलेल्याला लागू होत नाही. पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली तर मात्र हे संरक्षण जाते. दोषी ठरल्याची नोंद तशी पुसली जात नाही, त्यामुळे नोकरीच्या अर्जात खटल्याबद्दल विचारले असेल तर खरे लिहा आणि आदेशाची प्रत जोडा.