आवाज न फाटता गाडीच्या अँपचा गेन कसा लावावा

अँपवरची (अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा डबा) 'गेन'ची खाच दिसली की हात पेचकसाकडे जातोच. फिरवला की आवाज वाढतो, म्हणून सगळे त्याला व्हॉल्यूम समजतात. तो व्हॉल्यूम नाही. टेप (गाडीतला म्युझिक प्लेयर) आणि अँप जोडणाऱ्या आरसीए वायरमधून कुठला टेप २ व्होल्टचा सिग्नल देतो, कुठला ४ चा. त्याच्याशी अँपचं जमवून द्यायचं, एवढंच गेनचं काम. जास्त पिळला की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आवाज फाटतो आणि वूफरची (बेसच्या मोठ्या स्पीकरची) कॉइल तापत जाते. माझा पहिला वूफर असाच गेला. आधी जळक्या वॉर्निशचा वास, मग एकदम गप्प.

लागतं काय? मल्टीमीटर, बारीक पेचकस आणि पेन ड्राइव्हवर ५० हर्ट्झचा, ० डीबीचा (म्हणजे पूर्ण जोराचा) सलग सूर. ५० च का? घरातली वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा स्वस्त मीटरसुद्धा इथे बरोबर आकडा देतो. १००० हर्ट्झवर तो चुकू शकतो. ब्लूटूथ नको, फोनचा व्हॉल्यूम मध्ये लुडबुड करतो.

आता हिशोब. खोक्यावरचं '१००० वॉट मॅक्स' विसरा, आरएमएसचा (सतत झेपणाऱ्या ताकदीचा) आकडा शोधा. समजा अँप ४ ओहमला ३०० वॉट देतो आणि ४ ओहमचा वूफर २५० वॉट झेलतो. लहान आकडा धरायचा. वॉट गुणिले ओहम, २५० × ४ = १०००; त्याचं वर्गमूळ ३१.६. एवढे व्होल्ट अँपमधून निघाले पाहिजेत. (४ ओहमचा वूफर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. घाबरू नका, हिशोबात ४ च घ्या.)

टेप बंद करून वूफरच्या वायरी अँपमधून काढा. ही पायरी गाळलीत तर तो सलग सूर कॉइललाच भाजेल. गेन अगदी खाली, बेस बूस्ट शून्य, सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) बंद, लो-पास (वरचे सूर कापणारा) पूर्ण वर. टेपवर बेस-ट्रेबल शून्यावर, लाउडनेस बंद. गाडी मोकळ्या जागी घेऊन इंजिन सुरू ठेवा. बंद गॅरेजमध्ये अजिबात नको.

मीटर २०० व्होल्ट एसीवर ठेवा. प्रोब अँपच्या स्पीकर टर्मिनलवर धरा, एकमेकांना चिकटू देऊ नका. सूर लावून टेपचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश करा. ४० पर्यंत जात असेल तर ३०. वरच्या टोकाला टेप स्वतःच फाटायला लागतो. आता गेन हळूहळू, केसभर केसभर फिरवा. १२, १९, २७... ३१.६ दिसलं की पेचकस बाजूला.

सूर बंद, टेप बंद, मग वायरी परत जोडा, प्लस-मायनस पाहून. लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास आणा आणि नेहमीचं गाणं लावा. टेपचा व्हॉल्यूम ३० ही तुमची हद्द.

आवाज आधीपेक्षा कमी वाटेल. दोन दिवस ऐका. तरी राहवलं नाही आणि टेपवर बेस ३ डीबी चढवलात, तर त्या सुरांना अँपकडून दुप्पट वॉट लागतात. तेव्हा बेस तिथेच ठेवून गेन पुन्हा पहिल्यापासून मोजून लावा.