एक निस्तरत नाही तोच दुसरं हरिकेन: फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर काय करायचं

२६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन हे हरिकेन फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात, पेरी गावाजवळ जमिनीवर आलं. ९ ऑक्टोबरला मिल्टन सिएस्टा की इथे आलं. मधे जेमतेम तेरा दिवस. २००४ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सिस आणि जीन तर तीन आठवड्यांच्या फरकाने जवळजवळ एकाच जागी, हचिन्सन बेटापाशी धडकली होती. तेव्हा दारात ओल्या ड्रायवॉलचा (आतल्या भिंतींच्या जिप्समच्या तक्त्यांचा) ढीग आणि छपरावर निळी ताडपत्री असताना पुन्हा इशारा येणं हे नवल नाही. अशा वेळची तयारी मात्र नेहमीच्या तयारीपेक्षा वेगळी असते. नेहमीच्या याद्या धड घरासाठी लिहिलेल्या असतात.

मागच्या पाण्याची खूण मोजपट्टी नव्हे

हेलीनचा डोळा टँपा बे या खाडीपासून शंभरेक मैल दूरून गेला, तरी खाडीकाठच्या घरांत समुद्र शिरला. मिल्टनचा डोळा खाडीच्या दक्षिणेला आला, तेव्हा वाऱ्याने खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं. पण सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांहून जास्त पाऊस कोसळला. वादळाची श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते (ताशी १११ मैलांपासून पुढे ‘मेजर’), पाणी किती येईल ते सांगत नाही. म्हणून नॅशनल हरिकेन सेंटर या सरकारी हवामान केंद्राचं पत्रक वाचताना श्रेणीआधी उधाणाचा म्हणजे स्टॉर्म सर्जचा अंदाज बघा. उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ ला नवं पत्रक येतं. किनाऱ्याला वॉच किंवा वॉर्निंग (वादळाचा अधिकृत इशारा) लागली की मधेही येतं.

निघायचं की नाही हे इव्हॅक्युएशन झोनवरून, म्हणजे घर सोडण्याचा आदेश ज्यावरून निघतो त्या भागावरून ठरवा. इथे एक घोळ वारंवार होतो. विम्याच्या कागदावर फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेचा फ्लड झोन असतो आणि त्यातही ए, एक्स अशी अक्षरं असतात. त्याचा घर सोडण्याच्या आदेशाशी संबंध नाही. फ्लड झोन एक्स असलेलं घर इव्हॅक्युएशन झोन ए मध्ये असू शकतं. आपला झोन काउंटीच्या नकाशावर पत्ता टाकून बघा. मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहत असाल तर झोन कुठलाही असो, निघायचंच. ताडपत्रीखालच्या घराबद्दलही आमचं मत हेच आहे.

पाण्यापासून पळायचं असतं, वाऱ्यापासून आडोसा शोधायचा असतो. त्यासाठी जॉर्जिया गाठायची गरज नाही. वीस-तीस मैल आत, उधाणाच्या झोनबाहेरचं पक्कं घर पुरतं. दूर निघालेले लोक आय-७५ या महामार्गावर अडकतात आणि वाटेत पेट्रोल मिळत नाही. आपली मुदत वादळ जमिनीवर येण्याची वेळ नसून ताशी ३९ मैलांचे वारे सुरू होण्याची वेळ असते. ती बऱ्याच तास आधी येते, आणि त्यानंतर उंच पूल बंद होतात.

दारातला राडारोडा

या खेपेचा मुख्य धोका हाच. सगळा ढीग दोन दिवसांत हलणार नाही, म्हणून क्रम लावा.

१. आधी रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराची तोंडं मोकळी करा. ड्रायवॉलचा लगदा आणि इन्सुलेशन तिथे अडकलं की समुद्र न येताही गल्ली पावसाने तुंबते.

२. मग हलकं आणि चपटं सामान हलवा: पत्रे, शिंगल्स (छपराच्या चपट्या पट्ट्या), कपाटांची दारं, प्लायवूडचे तुकडे. वाऱ्यात उडून काचा फोडतात ते हेच. भिजलेली गादी मागे ठेवली तरी चालेल. वादळाआधी काउंट्या बहुधा राडारोडा टाकण्याच्या जागांची वेळ वाढवतात; ट्रक येण्याची वाट न बघता स्वतः नेता आलं तर न्या.

३. उरलेला ढीग घराच्या भिंतीपासून, वीज व गॅसच्या मीटरपासून आणि रस्त्यावरच्या फायर हायड्रंटपासून दूर सारा. प्रोपेनच्या टाक्या बंद करून बांधा.

फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांचा मॉडेल आणि सीरियल नंबर स्वतंत्र टिपा. कार्पेट व फरशीचा फूटभर तुकडा पिशवीत घालून ठेवा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजायची टेप लावून आकडा दिसेल असा फोटो घ्या. दुसरं पाणी आलं की पहिली रेष पुसली जाते, आणि कोणतं नुकसान कधीचं हे मग सांगता येत नाही.

ताडपत्री

पहिल्या वादळानंतर घाईत लावलेली ताडपत्री बहुतेक कडीपासून, म्हणजे काठावरच्या धातूच्या गोल भोकापासून फाटते. सैल कड फडफडते, कडीचं भोक रुंदावतं आणि मग पूर्ण ताडपत्री शिडासारखी फुगते. कडांना दोरी किंवा नुसते खिळे पुरत नाहीत. कड टू-बाय-फोर फळीभोवती (अमेरिकेतली नेहमीची बांधकामाची लाकडी पट्टी) दोन वळसे गुंडाळा आणि फळी स्क्रूने खालच्या वाशांना घट्ट बसवा. वरची कड आढ्यावरून पलीकडे तीन-चार फूट गेलीच पाहिजे. आढ्याच्या अलीकडे संपली तर पाणी तिच्याखालूनच शिरतं. मधल्या भागावर पाण्याच्या उताराच्या दिशेने पट्ट्या मारा, आडव्या मारल्या तर पाणी अडून साचतं. वर वाळूच्या पिशव्या किंवा विटा ठेवू नका, त्या खाली येतात.

छप्पर ओलं असेल किंवा वारा सुटला असेल तर वर चढू नका. छपरावरून पडून होणारी दुखापत वादळाइतकीच खरी.

इतकं करूनही हरिकेनच्या वाऱ्यात ताडपत्री टिकेल असं धरू नका. तिच्याखालची खोली रिकामी करा. छताला पाण्याचा फुगा आलाच तर खाली बादली ठेवून फुग्याच्या मध्यावर स्क्रूड्रायव्हरने छोटं भोक पाडा. नाहीतर अख्खं छत एकदम कोसळतं.

खिडक्या, वीज, बॅटऱ्या

प्लायवूड किमान पाच-अष्टमांश इंच जाड, खिडकीपेक्षा चारही बाजूंना चार इंच मोठं, आणि दर बारा इंचांवर स्क्रू. मागच्या वेळचंच वापरत असाल तर भिजून फुगलेले तुकडे बाजूला काढा आणि रुंदावलेल्या भोकांशेजारी नवी भोकं पाडा. काचेवर चिकटपट्टी लावण्यात वेळ घालवू नका, तिचा काही उपयोग नाही.

खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी, मग ती गाडीची असो, गोल्फ कार्टची असो वा ई-स्कूटरची, कित्येक दिवसांनीही पेट घेते. असं वाहन गॅरेजमध्ये ठेवू नका आणि चार्जही करू नका. घरापासून पन्नास फूट दूर ठेवा. घर सोडताना, पाय कोरडे असतील तरच, मेन ब्रेकर बंद करा. पोहण्याचा तलाव रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वाढलं की रिकामा तलाव वर उचलला जातो.

माणशी रोज एक गॅलन पाणी, निदान सात दिवसांचं. औषधं: आणीबाणी जाहीर झालेल्या काउंटीत रीफिलची तारीख आली नसली तरी तीस दिवसांचा साठा घेता येतो. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची नोटीस), ओसीआय (परदेशी भारतीय नागरिक कार्ड) या मूळ कागदांची पिशवी गाडीत नाही, अंगाजवळ ठेवा.

विमा

फ्लोरिडात घराच्या विम्यातलं हरिकेन डिडक्टिबल (नुकसानातला आपण स्वतः सोसायचा वाटा) कॅलेंडर वर्षाला एकदाच लागू होतं, कंपनी तीच असेल तर. समजा घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे ८,००० डॉलर. पहिल्या वादळात वाऱ्याने ५,००० चं नुकसान झालं. पैसे मिळणार नाहीत म्हणून बरेच जण कळवतच नाहीत. कळवा आणि पावत्या जपा. दुसऱ्या वादळात मग डिडक्टिबलचे साधारण ३,००० डॉलरच भरायचे उरतात.

पुराचा विमा वेगळा. त्यात प्रत्येक पुराला नवा दावा आणि नवं डिडक्टिबल, म्हणून मधल्या दिवसांतल्या दुरुस्तीचं प्रत्येक बिल ठेवा. एनएफआयपी या सरकारी पूर-विमा योजनेच्या पॉलिसीत वाळूच्या पिशव्या वगैरे बचावाच्या खर्चाचे १,००० डॉलरपर्यंत आणि सामान सुरक्षित जागी हलवण्याचे आणखी १,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात. नवी पॉलिसी मात्र साधारण तीस दिवसांनी लागू होते, आता घेऊन या वादळाला उपयोग नाही.

परतल्यावर

जनरेटर घरापासून वीस फूट दूर ठेवा, धूर खिडकीच्या उलट दिशेला. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. साचलेल्या खाऱ्या पाण्यात उघडी जखम घेऊन उतरू नका. त्यात व्हिब्रिओ हा जिवाणू असू शकतो. जखमेभोवती झपाट्याने लाली, सूज किंवा फोड आले तर उद्यावर न टाकता थेट इमर्जन्सीत जा. आणि साफसफाईला हात घालण्याआधी भिंतींवरच्या नव्या रेषेचे फोटो पुन्हा टेप लावून घ्या.