‘वन्स इन अ ब्लू मून’ कसं वापरावं?

माझा भाचा मुलाखतीच्या तयारीसाठी सांगलीला आमच्याकडे राहिलाय. बाहेर कितीदा जेवतोस, असं मी इंग्रजीत विचारलं, तर पठ्ठ्या ऐटीत म्हणाला, ‘आय डोन्ट ईट आउट वन्स इन अ ब्लू मून.’ त्याला म्हणायचं होतं, क्वचित जेवतो. त्या ‘डोन्ट’नं घोळ केला.

आधी अर्थ पक्का करा: फार क्वचित, पण घडतं. चंद्र निळा होत नाही. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. बारा चांद्रमास सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी कमी भरतात. ते दिवस साठत जातात आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी एक पौर्णिमा जादा पडते. आपला धोंड्याचा महिना याच ११ दिवसांतून येतो! २०२६ च्या मे महिन्यात १ आणि ३१ तारखेला पौर्णिमा, त्यातली ३१ ची अधिक ज्येष्ठातली. म्हणजे जावयाला तेहतीस अनारसे द्यायच्या महिन्यातच ब्लू मून. भाच्याला म्हटलं, खसखशीची बाजू वर ठेवून तळलेला, जाळी पडलेला तो अनारसा डोळ्यांपुढे आण, अर्थ विसरायचा नाहीस.

मग वाक्य जुळवा. होकारार्थी वाक्याच्या शेवटी हे शब्द ठेवा: ‘वी ईट आउट वन्स इन अ ब्लू मून.’ ‘डोन्ट’ नको. सवयीबद्दल बोलताना क्रियापद साध्या वर्तमानकाळात. ‘अ’ गाळायचा नाही, त्याजागी ‘द’ही घालायचा नाही.

जे कधीच करत नाही, त्याला सरळ ‘नेव्हर’ म्हणा.

मराठीतून भाषांतर करताना मात्र जपा. बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या पाहुण्याला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, म्हणजे माणसालाच फूल करतो. इंग्रजीत माणूस ब्लू मून होत नाही, त्याचं येणं तसं असतं. म्हणून ‘यू आर अ ब्लू मून’ चूक, ‘यू व्हिजिट अस वन्स इन अ ब्लू मून’ बरोबर.

अर्जात आणि ऑफिसच्या पत्रात ‘रेअरली’ लिहा. मुलाखतीत गप्पांच्या ओघात आलं तर चालतं.

शेवटी आपल्याच घरातली तीन वाक्यं मोठ्यानं म्हणा. भाच्यानं रात्री जेवताना पहिलं म्हटलं, ‘आत्या कम्स टू सांगली वन्स इन अ ब्लू मून.’ अगदी बिनचूक.